पॅड मीच धरलं होतं

"सही नको मावशी. अंगठा लावा."

माझ्या मायच्या हातात पेन होता. टेबलावर रजिस्टर उघडं होतं आणि तिच्या नावापुढच्या रकान्यात सहीचं पहिलं अक्षर काढून झालं होतं. सही करताना माय जीभ दातांत धरायची. तशीच धरली होती. समोर खुर्च्यांवर संस्थेला पैसे देणाऱ्या कंपनीचे पाहुणे, दोघे नागपूरचे आणि एक बाई मुंबईची. मागं सतरंजीवर आमची सारी वस्ती. आणि टेबलाजवळ एक गुडघा टेकून, डोळ्याला कॅमेरा लावून, संस्थेचे सर.

मायनं जीभ आत घेतली. "काऊन जी?"

"फोटो काढायचा आहे न. अंगठा आहे का?"

"आहे न जी. दोन हायेत."

सतरंजीवरच्या बाया खदखदून हसल्या. माय अशीच होती, कोणाला सोडायची नाही. सर हसले नाहीत. त्यांनी कॅमेरा खाली केला आणि माझ्याकडं पाहिलं. घाई असली की सर हिंदीवर यायचे. "साइन करते हुए सब एक जैसे दिखते हैं. अंगूठा लगवाओ. पैड लाओ, जल्दी."

शाईचं पॅड कपाटात होतं. कपाटाची किल्ली माझ्या कमरेला होती. मी संस्थेची पगारी कार्यकर्ती, गळ्यात ओळखपत्र. मी गेले, कपाट उघडलं, पॅड आणलं, झाकण काढलं आणि मायपुढं धरलं.

मायनं सरांकडं पाहिलं नाही. पाहुण्यांकडं पाहिलं नाही. माझ्याकडं पाहिलं.

मी म्हणाले, "लाव न माय. अंगठाच बरा दिसते."

तिनं पेन ठेवला. अंगठा शाईत दाबला. सरांनी तिचं मनगट धरून अंगठा कागदावर हवा तिथं नेला, थोडा तिरपा केला, उजेडाकडं वळवला. आता हसू नका मावशी, म्हणाले. खटखट फोटो निघाले. मुंबईची बाई म्हणाली, "बिचारी." मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पॅड काखेत धरून वाजवल्या.

ते आरोग्य कार्डांचं वाटप होतं. कार्ड दाखवलं की ठरलेल्या दवाखान्यात उपचार फुकट. मायला तिचं कार्ड मिळालं. घरी आल्यावर तिनं ते डब्यात ठेवलं आणि मोरीत जाऊन राखेनं अंगठा घासला. शाई लवकर निघत नाही. ती घासतच राहिली. मी भाजी चिरत राहिले.

माय चोरखमारा गावाकडची. तलावाखालच्या बांध्यांत लोकांचे धानाचे रोवणे करत मोठी झाली. मी पाचवीत असताना बाप गेला आणि ती मला घेऊन गोंदियाला आली. राईस मिलमध्ये रेजा म्हणून, बाईमजूर म्हणून लागली. झाडायचं, कोंढा पोत्यात भरायचा, पोती शिवायची. सांजच्याला घरी यायची तेव्हा भुवया, पापण्या, कानाच्या पाळ्या सगळं कोंढ्यानं भरलेलं असायचं. मी म्हणायची, "माय, तू म्हातारी झाली वं." ती पदरानं तोंड पुसायची आणि म्हणायची, "झाली आता परत जवान."

शाळेत प्रगतीपुस्तकावर पालकाची सही लागायची. मायचा अंगठा असायचा, निळा, मोठा, चौकटीबाहेर गेलेला. मास्तरांनी एकदा पुस्तक वर धरून वर्गाला दाखवलं. "देखो, अंगूठा छाप की बेटी पहली आई है." त्यांना वाटलं ते माझं कौतुक करून राहिले. पोट्ट्या महिनाभर मला पाहून अंगठे नाचवत होत्या. विहारात निळ्या कोटातला फोटो आहे, त्या कोटाच्या खिशाला पेन आहे. आमच्या वस्तीतली पोरं त्या पेनाकडं पाहतच मोठी होतात. आणि माझ्या घरी पेन चालवणारं एकही मोठं माणूस नव्हतं. पुढच्या परीक्षेपासून मीच मायची सही ठोकायला लागले.

मायनं एकदा विचारलं, "आताशा माहा अंगठा काऊन नाही मागत वं शाळेत?"

"आता लागत नाही," मी म्हणाले. तिला खरं वाटलं.

माझी बारावी झाली त्याच साली संस्था आमच्या वस्तीत आली. संस्थेनं काही केलं नाही असं मी म्हटलं त माझी जीभ झडो. नळासाठी नगरपरिषदेत आमच्याबरोबर संस्था उभी राहिली. मतदार यादीत नावं घातली, राशनकार्डं काढून दिली. पोरींना शिलाई शिकवली. कोहमाऱ्याच्या हायवेवर ट्रक धुणारे आमच्या गल्लीतले दोघे भाऊ वायरमनचं काम शिकून आले आणि आता इज्जतीनं खातात. घरोघर फिरून सिकलसेलची रक्ततपासणी केली. आमच्यात ते दुखणं घरात घर करून असतं, आणि लोक त्याला वारं लागलं म्हणत होते. संस्थेच्या मॅडम मोठ्या घरच्या, पण आमच्या चटईवर बसल्या, आमच्या घरचा चहा प्यायल्या. मला नोकरी त्यांनीच दिली. हे सगळं खरं आहे.

आणि हेही खरं आहे की सर पहिल्याच दिवशी माझं आडनाव विचारून, मान हलवून म्हणाले होते, "बरं झालं. तुमच्यातल्या बायका कॅमेऱ्यासमोर लाजत नाहीत." मी त्यावर हसले होते. नवी नोकरी होती.

प्रौढ बायांचा वर्ग माझ्याकडं आला. रविवारी दुपारी, मिल बंद असते तेव्हा. माय पहिले तीन रविवार आलीच नाही. चौथ्या रविवारी आली आणि दाराजवळ सगळ्यात मागं बसली. पोटच्या पोरीसमोर पाटी धरायची लाज. मी हजेरी घेतली तेव्हा ती मोठ्यानं म्हणाली, "हाजीर मॅडम!" बाया हसून लोळल्या.

तिचं नाव कौशल्या. पहिलंच अक्षर अवघड, शेवटचं जोडाक्षर. "माह्या बापाले सोपं नाव सुचलं नाही का वं? गीता ठेवलं असतं, सीता ठेवलं असतं." पण चिकाटी अशी की विचारू नका. मिलमध्ये डबा खाऊन झाला की कोंढ्याच्या ढिगावर बोटानं लिहायची, हातानं सपाट करायची, पुन्हा लिहायची. हे मला तिच्या सोबतिणीनं, विमलबाईनं सांगितलं. सगळं नाव आलं, पण 'कौ'ची दुसरी मात्रा काही केल्या आली नाही. 'कोशल्या' लिहायची. मी म्हणायची, माय, वर दोन काड्या. ती म्हणायची, "एक तुह्यासाठी ठेवली."

राशनच्या दुकानात तिनं पहिली सही केली तेव्हा दुकानदार वाट पाहून वैतागला. मागची रांग ओरडायला लागली. माय हलली नाही. सही पूर्ण करूनच तांदूळ उचलला. त्या दिवशी गल्लीतल्या प्रत्येक दारात थांबून तिनं सांगितलं. "सही करून आणला वं तांदूळ." जसा काही तांदूळ वेगळा शिजणार होता. मी मात्र त्या दिवशी रडले. इतकी वर्षं तिच्या सह्या मी चोरून केल्या होत्या, आणि आता तिची एक स्वतःची होती.

ही ती सही. ही सही माय पाहुण्यांसमोर करत होती. वस्तीसमोर करत होती. माझी इज्जत वाढावी म्हणून करत होती, कारण तिची मास्तरीण मीच होते. आणि मी पॅड घेऊन आले.

फोटो चांगला आला. संस्थेच्या कॅलेंडरवर लागला, अहवालावर लागला. मग मोठा करून ऑफिसच्या दर्शनी भिंतीवर लावला. मायचा भेगाळलेला अंगठा, तिची झुकलेली मान, खाली लिहिलेलं, 'अंधारातून उजेडाकडे'. वस्तीतले लोक तिला म्हणायचे, कौशल्याबाई, तुमचा फोटो लागला. ती हो हो म्हणायची. मिलचा रस्ता ऑफिसवरून जातो. ती मागच्या नाल्याकडून जायला लागली. वर्गाला येणंही बंद केलं. "काम वाढलं बाई," म्हणाली. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. मला भीती वाटत होती ती खरं सांगेल याची.

दीड वर्षानं तिच्या पोटात गाठ निघाली.

तेच कार्ड कामी आलं. त्याच कार्डावर दवाखान्यात भरती झाली, संस्थेच्याच गाडीनं नेली, मॅडमनी स्वतः डॉक्टरांना फोन केला. मी उपकार विसरणारी नाही. ऑपरेशनच्या सकाळी मला रक्ताची बाटली आणायला पाठवलं. परत आले तेव्हा नर्स कागद आवरत होती. "तुमच्या आईचा अंगठा घेतला," म्हणाली. संमतीचा फॉर्म होता. खाली निळा अंगठा.

मी चिडले. रक्तासाठी धावून आले होते, घाबरले होते, सगळा राग तिच्यावर काढला. "सही काऊन नाही केली माय? येते न तुले?"

ती खाटेवर पडली होती. अंगठ्याची शाई चादरीला लागू नये म्हणून हात वर धरला होता. म्हणाली, "तूच त म्हनली होतीस बाई. अंगठाच बरा दिसते."

टोमणा नव्हता. मी आजपर्यंत त्या आवाजात टोमणा शोधून राहिली. असता तर बरं झालं असतं. तिनं मला टोचलं असतं, मी रडले असते, तिच्या पायाला हात लावला असता आणि तिनं मला गधी म्हणून मोकळं केलं असतं. ती साधं बोलली. पोरीनं सांगितलं, म्हणून केलं. तेवढ्यात वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आला. मी तिचा अंगठा माझ्या ओढणीनं पुसला. निघाला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी माय गेली. शुद्धीवर आलीच नाही. आम्ही तिला आंघोळ घालून पांढऱ्या कपड्यात ठेवलं तेव्हाही अंगठ्याच्या भेगांत निळं होतं.

मायसाठी पुण्यानुमोदनाची वंदना झाली त्या दिवशी विमलबाई माझ्याजवळ येऊन बसली. मी सहज विचारलं, माय मिलमध्ये कोंढ्यावर लिहायची का शेवटपर्यंत? विमलबाईनं मान हलवली. मग म्हणाली, "नाई वं. त्या फोटोपासून सोडलंच तिनं."

"काऊन?"

"मी म्हनलं लिह्य न कौशल्या, विसरून जाशीन. त म्हने, नको. रजिस्टरात माहा अंगठा हाय. आता सही केली त कार्ड खोटं ठरन. अन् पोरीच्या नोकरीले बाधा येईन."

विमलबाई आणखी सांगत राहिली, मी तिथंच अडकले.

आमच्या लोकांना कागदाची भीती कशी असते हे तुम्हाला सांगून कळणार नाही. एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरं झालं की राशन कटतं, निराधारचा पगार अडतो, हे आम्ही पाहून पाहून शिकलो. मायनं तेच गणित लावलं. एकदा अंगठा दिला, आता जन्मभर अंगठाच द्यायचा. नाही तर पोरगी खोटी ठरेल. कार्डाला याची काही गरज नव्हती. मी एका वाक्यात तिला सांगू शकले असते. पण तिनं विचारलं नाही, आणि मी त्या फोटोबद्दल घरात कधी तोंडच उघडलं नाही. माझी माय माझ्या नोकरीसाठी पुन्हा अडाणी झाली. आलेली विद्या तिनं हातानं सपाट केली, कोंढ्यासारखी.

लहानपणी मी तिचा अंगठा लपवला. मोठेपणी मिरवला. दोन्ही वेळा तिला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेले आणि ते रजिस्टर काढलं. तिची ओळ सापडली. काळ्या पेनानं लिहिलेलं 'को', आणि त्याच्यावर निळा अंगठा. सरांनी मनगट धरून नेमका त्या अक्षरावर आणला होता. वरची एक मात्रा तेवढी अंगठ्याबाहेर आलेली. भिंतीवरच्या फोटोत ती दिसत नाही. मी फोटोजवळ खुर्ची ठेवून, वर चढून पाहिलं. नाही दिसत.

महिन्याभरानं संस्थेचा वर्धापनदिन आला. तेच पाहुणे, आणखी काही नवे. मायच्या फोटोला हार घातला होता. सरांनी माझ्या हातात कागद दिला. "ताई, बस दो मिनट बोलना है. आपकी माँ हमारी पहचान है." कागदावर टाईप केलेलं होतं. 'माझी निरक्षर आई.' तिथून सुरुवात.

मी माईकजवळ गेले. सतरंजीवर वस्ती बसली होती, विमलबाई पुढंच होती. मी कागद वाचायला घेतला. "माझी निर," एवढं म्हटलं आणि पुढचं तोंडातून निघेना. कागद टेबलावर ठेवला. रजिस्टर सोबत आणलं होतं, पान दुमडून. ते उघडलं आणि दोन्ही हातांनी वर धरलं, मास्तरांनी माझं प्रगतीपुस्तक धरलं होतं तसंच.

"माझ्या मायला सही येत होती," मी म्हणाले. "हे पाहा. हा 'को' तिचा आहे. हा अंगठा सरांनी मागितला. आणि पॅड मी धरलं."

सर पुढं आले, हळूच म्हणाले, "ताई, प्लीज." मी माईक सोडला नाही. "माय अंधारात नव्हती. उजेडात बसून सही करत होती. तुम्ही तिला पेन खाली ठेवायला लावलं." मग माझा आवाज फाटला, आणि जे बोलायचं होतं त्यातलं अर्धं राहिलं. विमलबाई उठून आली, तिनं मला धरून खाली बसवलं.

संध्याकाळी मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. आवाज चढवला नाही. त्या कधी चढवत नाहीत. "तू आमच्या घरातली आहेस. मला आधी सांगायचं होतंस. असं बोलायला तुला कुणी शिकवलं?"

"तुम्हीच मॅडम. बायांना त्यांचे हक्क शिकवायला लावता न मला वर्गात."

त्यांनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाल्या, "पाहुणे नाराज होऊन गेले. उद्या त्यांनी मदत थांबवली, कार्डं बंद पडली, तर सिकलसेलची लेकरं घेऊन या बाया कुठं जातील? याचा विचार केलास?"

केला होता. केला नव्हता असं कसं म्हणू? ज्या कार्डावर माझी माय भरती झाली ते कार्ड बंद पडावं असं मला वाटेल का? तो प्रश्न मला आजही सुटलेला नाही. पण आमच्या लेकरांची औषधं आमच्या बायांच्या मान खाली घातलेल्या फोटोवर मिळत असतील, तर हे देणं नाही. हा सौदा आहे, आणि माझ्या मायला कोणी भाव विचारला नव्हता. मी एवढंच म्हणाले, "फोटो उतरवा मॅडम. नाही उतरवत, तर खाली लिहा की हिला सही येत होती."

मॅडमनी राजीनामा मागितला नाही. मी दिला नाही. वस्ती माझी आहे, मी कायले जाऊ?

फोटो उतरला. दुसऱ्याच आठवड्यात तिथं दुसऱ्या एका बाईचा लागला, चुलीसमोर बसलेल्या. तिच्या घरी गॅस आहे. मी तिला जाऊन विचारलं, फोटो लावायच्या आधी तुला विचारलं होतं का? ती म्हणाली, नाही.

परवा पुन्हा कार्डांचं वाटप झालं. साठ बाया, लांब रांग, पाहुण्यांना गाडी पकडायची होती. मी टेबलाशी बसले. एकेकीच्या हातात पेन दिला. जिला येते तिनं केली. जिला येत नाही तिच्याकडून पहिलं अक्षर काढून घेतलं, आणि रविवारी वर्गाला ये म्हणून नाव लिहून घेतलं. सर मागून म्हणाले, "इतना टाइम नहीं है ताई. पैड निकालो."

"थांबा," मी म्हणाले. मागं वळले नाही.

ते थांबले. पाहुणे थांबले. एका बाईनं जीभ दातांत धरून आपलं नाव काढलं, लागला तेवढा वेळ तिनं घेतला.

मायच्या ओळीतला तो 'को' मी पूर्ण करणार नाही. तिच्या सह्या मी पुष्कळ ठोकल्या, आता एकही नाही. तो अर्धाच राहील, अंगठ्याखाली दबलेला, आणि पाहुणा आला की मी ते पान उघडून दाखवीन. पॅड अजून कपाटात आहे, वाळून खडखडीत झालंय. किल्ली माझ्याच कमरेला आहे. यापुढं सही येणाऱ्या बाईपुढं जो हात पॅड घेऊन येईल, तो हात मी धरीन. सरांचा असो, मॅडमचा असो. माझा असला तर आधी माझा.